डोबी, लॅरी

डोबी, लॅरी : (१३ डिसेंबर १९२३ – १८ जून २००३). अमेरिकन लीगमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय बेसबॉलपटू. नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग या अमेरिकेतल्या दोन प्रमुख व्यावसायिक लीगची दारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीयांना बंद होती. तसा लेखी नियम नव्हता. संघमालकांनी आपसांत ठरवून टाकले होते. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन नॅशनल लीगमध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि अकरा आठवड्यांनी, ५ जुलैला, डोबी क्लीव्हलँड इंडियन्सकडून शिकागोत खेळला.

त्याचा जन्म साउथ कॅरोलायनातील कॅम्डेनचा. शालेय शिक्षण न्यू जर्सीतील पॅटरसन येथे. कृष्णवर्णीयांच्या नीग्रो लीगमध्ये तो नुअर्क ईगल्सकडून खेळे. महायुद्धात नौदलात सेवा करून परतल्यावर १९४६ मध्ये या संघाच्या विजेतेपदात त्याचा वाटा होता. क्लीव्हलँडचे मालक बिल व्हेक यांनी ईगल्सच्या मालकीण एफा मॅनली यांना मोबदला देऊन त्याला घेतले. रॉबिन्सनसाठी डॉजर्सनी त्याच्या नीग्रो लीग संघाला काहीच दिले नसताना व्हेक यांनी पैसे मोजले, हे नोंदवायलाच हवे.

रॉबिन्सनला आधी माँट्रियलच्या दुय्यम संघात एक वर्ष मिळाले होते. डोबीला तेवढी उसंतही मिळाली नाही. ४ जुलैला तो नुअर्कसाठी खेळला आणि दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडचा गणवेश चढवून मैदानावर होता. खेळाडू-व्यवस्थापक लू बूद्रो यांनी ओळख करून दिली तेव्हा काही सहकाऱ्यांनी हात पुढे केला नाही. सरावाला जोडीदार मिळेना, तेव्हा जो गॉर्डन पुढे आला आणि त्याच्याशी चेंडू खेळू लागला. त्या मोसमात डोबीला ३२ वेळा फलंदाजीत फक्त ५ हिट्स (बेस गाठून देणारे यशस्वी फटके) मिळाले. तो मुळात दुसऱ्या बेसचा खेळाडू, पण ती जागा गॉर्डनची होती. पुढे ट्रिस स्पीकरसारख्या जुन्या दिग्गजाकडून आउटफील्डचे (मैदानाच्या मागच्या भागातील क्षेत्ररक्षणाचे) धडे घेऊन तो सेंटर फील्डला, म्हणजे त्या भागाच्या मध्यावर, स्थिरावला. दौऱ्यावर मात्र संघाच्या हॉटेलांत त्याला अनेकदा खोली नाकारली जाई.

१९४८ मध्ये त्याने फलंदाजीत .३०१ सरासरी राखली, म्हणजे दर दहा प्रयत्नांत सुमारे तीन हिट्स. बॉस्टन ब्रेव्ह्जविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या (दोन्ही लीगच्या विजेत्यांतील अंतिम मालिकेच्या) चौथ्या सामन्यात त्याचा होम रन (एकाच फटक्यात सर्व बेस पार करून मिळणारी धाव) निर्णायक ठरला. क्लीव्हलँड २–१ जिंकले. सामन्यानंतर गोरा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) स्टीव्ह ग्रोमेक आणि डोबी गालाला गाल लावून, मिठी मारून हसत असल्याचे छायाचित्र देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. वंशभेद कायद्याने पाळला जाण्याच्या त्या काळात असे चित्र छापले जाणे हीच मोठी गोष्ट होती. क्लीव्हलँडने ती मालिका जिंकली आणि वर्ल्ड सिरीज जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून डोबी व त्याचा संघसहकारी सॅचेल पेज यांची नोंद झाली.

१९४९ ते १९५५ अशी सलग सात वर्षे तो ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या, संघात होता. १९५२ आणि १९५४ मध्ये, दोन्ही वेळा ३२ होम रनसह, तो लीगमध्ये अव्वल ठरला. कारकिर्दीत एकूण २५३. १९६२ मध्ये तो जपानमध्ये चुनिची ड्रॅगन्सकडून खेळला. १९७८ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा व्यवस्थापक झाला तेव्हाही कृष्णवर्णीय व्यवस्थापकांत त्याचा क्रमांक दुसराच होता. फ्रँक रॉबिन्सन आधी येऊन गेला होता.

डोबीची उपेक्षा खटकते ती यामुळे, की दुसरा म्हणून त्याचा त्रास तसूभरही कमी नव्हता. जॅकी रॉबिन्सनला हॉल ऑफ फेमचा (बेसबॉलमधील थोरांच्या सन्मान-दालनात समावेशाचा) मान १९६२ मध्ये मिळाला, डोबीला १९९८ मध्ये. अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक त्याच्या कुटुंबाकडे २०२३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, सुपूर्द झाले.