‘सेट’ म्हणजे मुळात बसवणे

अंगठीत खडा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात. गजर मात्र लावतात, पानं मांडतात, भाव ठरवतात आणि प्रश्नपत्रिका काढतात. मराठीला इतकी क्रियापदं लागतात तिथे इंग्रजीचं एकट्या ‘सेट’वर भागतं. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आहेत आणि नोंद जवळपास ६०,००० शब्दांची. एवढ्यात एक छोटी कादंबरी होते!

पण हा आकडा पाहून दचकण्यापूर्वी शब्दाचं कुळ पाहावं. जुन्या इंग्रजीतलं ‘सेत्तान’ हे ‘सिट’चं, म्हणजे बसण्याचं, प्रयोजक रूप. आपलं बसणे-बसवणे आहे ना, अगदी तसं. जर्मनमध्ये ‘झित्सेन’ आणि ‘झेत्सेन’ ही जोडी आजही शाबूत आहे. या सगळ्यांचं नातं संस्कृतातल्या ‘सद्’ धातूशी. सभासद, परिषद, उपनिषद ही त्याच घरातली माणसं. गंमत अशी, की आपलं ‘बसणे’ त्या घरातलं नाही. ते आलं ‘उपविश्’वरून.

पुढे इंग्रजीत प्रत्यय झिजत गेले. वर्तमान असो की भूत, रूप एकच उरलं: सेट. त्यातच ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ यांची बोलण्यात सरमिसळ झाली. म्हणून ‘सेट’ कुणी दुसऱ्याने करायचं, तसं ते आपोआपही होऊ लागलं. सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे मावळतो, सिमेंट ‘सेट’ होतं म्हणजे घट्ट होतं. बाकी अर्थांचा मोठा वाटा शेपट्यांचा आहे. ‘अप’ जोडलं की उभारणी, ‘आउट’ जोडलं की प्रस्थान, ‘ऑफ’ जोडलं की प्रस्थान किंवा स्फोट, जसा प्रसंग. (चहाच्या कपांचा ‘सेट’ मात्र मुळात वेगळा. हे नाम फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’वरून, म्हणजे पंथ किंवा अनुयायांचा गट या अर्थाच्या शब्दावरून आलं आणि नंतर क्रियापदात मिसळलं.)

कोशकारांना या बारक्या क्रियापदांनी पहिल्यापासून छळलं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’ अशांची यादी देऊन तक्रार केली आहे, की यांचा अर्थ इतका सैल की पकडावा कुठे! तरी त्याने एकट्या ‘टेक’चे १३४ अर्थ दिलेच. ऑक्सफर्ड कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली निघाली. आपल्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती आली तेही हेच वर्ष. ऑक्सफर्डचा पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला, काम पुरं झालं १९२८ ला. ‘एस’ अक्षराचा सुरुवातीचा भाग हेन्री ब्रॅडलीच्या वाट्याला आला, त्यामुळे ‘सेट’ही. हा गृहस्थ आधी शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या पेढीत पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून होता.

तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘सेट’चं आसन गेलं. आधी ‘मेक’, मग ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ पुढे आलं: क्रियापदाचे ६४५ अर्थ. अर्थात असा आकडा संपादक किती बारीक चिरतो यावरही ठरतो; तो फार मनावर घेऊ नये. तरी ‘रन’च्या वाढीमागे यंत्रयुग आहे हे खरं. कारखाना, इंजिन, संगणकावरचा प्रोग्रॅम, सगळं इंग्रजीत धावतं. मराठीत गाडी धावते, पण दुकान, मशीन आणि प्रोग्रॅम चालतात; नळ वाहतो, निवडणूक लढवली जाते.

‘लागणे’ घेऊन बसलं तर आपणही कमी नाही: भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, आणि वेडही. आता तर ‘सेट’ आपलंच झालंय. मुलगा नोकरीत ‘सेट’ झाला म्हणजे त्याचं बस्तान बसलं. आणि कुणी ‘सेटिंग लावली’ म्हणजे काय झालं, ते सांगायला नको.