डोळा तिथे बी

बीड जिल्ह्यात धारूर-अंबाजोगाईच्या बाजूने बालाघाटाचे डोंगर चढू लागलात, की बांधाला, माळाला, दगडांच्या फटीत गावरान सीताफळाची झुडपं दिसतात. बहुतेक कुणी लावलेली नाहीत. शेळ्या पानांना तोंड लावत नाहीत आणि खडकाळ मुरमात झाड तगतं, एवढ्या भांडवलावर ती टिकली. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचा 'धारूर-6' हा वाणही याच पट्ट्याचं नाव सांगतो. सीताफळाचं मूळ मात्र अमेरिका खंडातलं. नावात सीता असली तरी.

सीताफळ हे एक फळ नव्हेच. एका फुलात अनेक छोटे स्त्रीकेसर असतात आणि त्यातला प्रत्येक जण पुढे फळाच्या सालीवरचा एक डोळा, म्हणजे एक उंचवटा, होतो. ज्याला पराग मिळाला त्यात बी धरतं, गर भरतो. मिळाला नाही तो आक्रसतो. म्हणून एका अंगाला फुगलेलं आणि दुसऱ्या अंगाला बसकं फळ दिसलं, की आधी खताला दोष देऊ नका, बहुतेक वेळा परागीभवन अर्धवट झालेलं असतं.

ते अर्धवट का होतं? फूल आधी मादी अवस्थेत असतं आणि त्याचा पराग नंतर, साधारण दुसऱ्या दिवशी सुटतो. तोवर त्याचेच स्त्रीकेसर सुकलेले असतात. पाकळ्या जाड, तोंड अरुंद. मधमाशीला तिथे काम नाही. आत शिरतात ते बारीक भुंगेरे. त्यात मराठवाड्याचा एप्रिल-मे. कोरड्या हवेत स्त्रीकेसराचा चिकटपणा टिकत नाही आणि फुलं मुठीनं गळतात. मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आली की तेच झाड फळं धरू लागतं.

मोजकीच झाडं असतील तर हातानं परागीभवन करून पाहा. पाकळ्या पुरत्या फाकलेल्या फुलांतून पिवळसर पराग सुटत असतो. तो छोट्या डबीत झाडून घ्या. पाकळ्या नुकत्या विलगू लागलेल्या फुलात सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, चित्रकलेच्या बारीक ब्रशनं फिरवा. ब्रश सगळीकडून फिरला पाहिजे, नाहीतर फळ पुन्हा एकांगीच. पराग त्याच दिवशी वापरा.

बियांपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. डोंगरातलं एखादं गोड, कमी बियांचं झाड जपायचं असेल तर मृदुकाष्ठ कलमच करावं, म्हणजे त्या झाडाची काडी (कलमकाडी) दुसऱ्या कोवळ्या रोपावर बसवावी. इथे झाडाची एक सवय कामी येते: नवा डोळा (हा फांदीवरचा, फळावरचा नव्हे) पानाच्या देठाखाली झाकलेला असतो. पान गळाल्याशिवाय तो फुटत नाही. म्हणून कलमकाडीची पानं आठ-दहा दिवस आधी काढून ठेवतात. डोळे फुगले की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या रोपावर कलमकाडीची तीन-चार सेंटीमीटरची पाचर बसवून पट्टी घट्ट बांधायची.

लागवड 5 बाय 5 मीटरवर, खड्डा 60 सेंटीमीटर लांब, रुंद, खोल. हेक्टरी 400 झाडं बसतात. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात हे झाड लावू नये, मुळं कुजतात. पाच वर्षांपुढच्या झाडाला वर्षाला 250 ग्रॅम नत्र, 125 ग्रॅम स्फुरद, 125 ग्रॅम पालाश पुरे.

किडींत खरा त्रास पिठ्या ढेकणाचा, म्हणजे पांढऱ्या पिठासारख्या दिसणाऱ्या रसशोषक किडीचा. तो डोळ्यांच्या खाचांत बसतो, तिथे फवारा पोचत नाही. मुंग्या त्याला जपतात. त्यामुळे मुंग्या आणि ढेकूण वर चढू नयेत म्हणून बुंध्याला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावणं हा स्वस्त आणि बऱ्यापैकी उपाय आहे. पट्टी फळं लहान असतानाच हवी. ढेकूण खाचेत बसल्यावर तिचा उपयोग नाही.

तोडणीत घाई नडते. डोळे उघडून मधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या झाल्या की देठासकट कात्रीनं तोडा. त्याआधी तोडलेलं फळ आढीत घातलं तरी दगडच राहतं. उशीर झाला तर झाडावरच उलतं. तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडतं. फ्रिजमध्ये कच्चं ठेवू नये, थंडीनं साल काळी पडते आणि नंतर ते नीट पिकत नाही. गर आटवायलाही जाऊ नका. तापला की कडवट होतो. म्हणूनच रबडीवाले तो गोठवून ठेवतात आणि रबडी गार झाल्यावरच मिसळतात.

बिया मात्र चावू नयेत. त्यांची पूड उवांसाठी डोक्याला लावण्याचा घरगुती प्रघात आहे. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते.