माझदा

हिरोशिमाची मोटार कंपनी. जपानी उद्योग म्हटला की टोकियो-ओसाका आठवतात. माझदाचे मुख्यालय मात्र पहिल्यापासून हिरोशिमा परिसरात आहे, सध्या फुचू या गावात. हे गाव चारही बाजूंनी हिरोशिमा शहराने वेढलेले, तरी कारभाराने वेगळे.

१९२० मध्ये ‘तोयो कॉर्क कोग्यो’ या नावाने स्थापन झालेली ही कंपनी बुचाच्या वस्तू बनवत असे. कोळ्याच्या घरात जन्मलेले जुजिरो मात्सुदा १९२१ मध्ये प्रमुख झाले आणि कंपनी यंत्रांकडे वळली. १९२७ मध्ये नावातले ‘कॉर्क’ गळाले. १९३१ मध्ये मालवाहू तीनचाकी ‘माझदा-गो’ आली. हे नाव झरथुष्ट्री धर्मातल्या अहुर माझदावरून घेतल्याचे कंपनी सांगते, म्हणजे मुंबईच्या पारशी घरांत रोजच्या प्रार्थनेत येणारेच नाव. त्यात मात्सुदांचे आडनावही साधले गेले. जपानी लिपीत कंपनी आजही ‘मात्सुदा’ असेच लिहिते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तो जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस होता. शहर आणि कारखाना यांच्यामध्ये हिजियामा ही टेकडी असल्याने कारखाना बराचसा वाचला. जखमींवर तिथे उपचार झाले, प्रांताचे सरकारी कार्यालयही काही महिने तिथूनच चालले. डिसेंबरात तीनचाक्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

माझदाची खरी ओळख रोटरी इंजिनाची, म्हणजे वरखाली होणाऱ्या दट्ट्यांऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या इंजिनाची. १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू या मोटार कंपनीकडून परवाना घेतला, पण इंजिन टिकेना. त्रिकोणी रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या थरथरत आणि आतल्या भिंतीवर लाटांसारखे चरे पडत. अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बनयुक्त पट्ट्या वापरून तोड काढली, आणि १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीला आली. १९९१ मध्ये चार रोटरांच्या ७८७बी गाडीने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय.

१९७९ पासून फोर्डचा हिस्सा होता; १९९६ मध्ये तो ३३.४ टक्क्यांवर गेला, पुढे संपला. भारतात माझदा हे नाव पोचले ते मोटारींमुळे नव्हे, तर पंजाबातल्या ‘स्वराज माझदा’च्या ट्रक-मिनीबसमुळे.

१९८४ मध्ये कंपनी अधिकृतपणे ‘माझदा’ झाली. जुने ‘तोयो’ मात्र गावच्या बेसबॉल संघाने जपले आहे : हिरोशिमा तोयो कार्प.