चाल उसनी, पदं घरची

२०२५ च्या फेब्रुवारीत 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट लागला आणि चाहत्यांनी पदरमोड करून, कुणालाही न विचारता केलेल्या सिनेमांचा विषय पुन्हा निघाला. यंत्रमागांच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 'शोले'ची मालेगावी आवृत्ती काढली होती. ट्रॉली नाही म्हणून सायकलवर कॅमेरा बसला. पुढे सुपरमॅनही मालेगावात अवतरला, आणि त्या उद्योगावर फैजा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट आहे. हे कौतुक योग्यच. पण त्याच्या जोडीला 'चाहत्यांनी मूळ कलाकृती हातात घेणं ही व्हिडिओच्या जमान्याची देणगी' असं जे सांगितलं जातं, ते गोव्यात बसून ऐकताना पटत नाही. इथे हा धंदा कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, तोही देवाच्या साक्षीने.

जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक हाती असेल तर कुठलंही पान उघडून पाहावं. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ असते. आधी 'चाल', मग दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द, कधी पुढे राग आणि ताल. ध्वनिमुद्रिका नव्हत्या आणि स्वरलेखन फार थोड्यांना कळायचं, तेव्हा पद कसं म्हणायचं हे सांगायचा हाच मार्ग होता. ते दुसरं गाणं कधी लावणी असे, कधी कानडी पद, कधी उत्तरेतली ठुमरी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं, तेही पारशी मंडळीचं 'इंद्रसभा' पाहून सुचलं, असं नाट्येतिहासात सांगतात. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-गझलच्या वळणाच्या चाली दिल्या आणि त्या तळकोकणापासून विदर्भापर्यंत घराघरात पोचल्या. उसनवारी होती, पण ती पानावर छापलेली होती. मूळ गाणं रचणाऱ्याचं नाव त्या ओळीत नसे, ही उणीव खरी. तरी गाणं कुठून घेतलं ते लपवलेलं नव्हतं.

ही पुस्तकं गोव्यात आली ती उत्सवी रंगभूमीवर. फोंडा तालुक्यातली देवळं, माशेल, बोरी, शिरोडा, तिकडे पेडणे, डिचोली, काणकोण, कुठेही जत्रेच्या दिवसांत जा. पालखी फिरून आली, आरती झाली की देवळाच्या पटांगणात नाटक. मुंबई-पुण्याच्या मंडळीचं नाटक गावात जसंच्या तसं क्वचितच व्हायचं. स्त्रीपार्टीला जमणारा मुलगा दोन पदांपुरताच तयार असेल तर उरलेली पदं गळायची. एखाद्याचा गळा चांगला असला की त्याच्यासाठी भलत्याच नाटकातलं पद मध्येच घुसवलं जायचं. पेटीमास्तरने मान डोलावली म्हणजे परवानगी मिळाली. विनोदी पात्र गावच्या एखाद्या इरसाल माणसाच्या लकबीत बोलायचं, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या त्या माणसासकट सगळे हसायचे. आज इंग्रजीत ज्याला फॅन एडिट म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? मला तर या प्रयोगांची कापाकापी अधिक धीट वाटते, कारण पसंत पडली नाही तर प्रेक्षक त्याच क्षणी तोंडावर सांगायचे.

भजनी मंडळांतही तेच. बुवाची वही पाहिली तर अभंगावर 'चाल' लिहून पुढे नाट्यगीत आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत हिंदी-मराठी चित्रपटगीत हमखास सापडतं. चवथीच्या आरत्यांना सिनेमाच्या चाली लागल्या की जुने बुवा नाक मुरडतात. पण त्यांच्या स्वतःच्या वहीतल्या नाट्यपदाच्या चालीही एके काळी तशाच बाहेरून आलेल्या असतात. हे त्यांना सांगायचं धाडस मात्र अजून कुणी केलेलं दिसत नाही!

तियात्र म्हणजे गोव्यातलं गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक. त्याचा जन्म तर सरळ परक्या कलाकृतीच्या रूपांतरातून झाला. आसगावचे लुकाझिन रिबेरो मुंबईत आले, एका इटालियन ऑपेरा कंपनीचे प्रयोग पाहून भारावले आणि तिथे पडद्यामागचं काम धरून तिच्याबरोबर फिरले. कंपनी निघाली तेव्हा तिचे जुने पोशाख त्यांनी विकत घेतले. मग जुवांव आगुश्तिन फर्नांडिस वगैरे मंडळी जमवून 'इटालियन भुरगो' उभं केलं. १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात त्याचा प्रयोग झाला. गोव्यात आजही १७ एप्रिल हा तियात्राचा दिवस मानतात. ऑपेरावर फिदा झालेला गडी तिचे उतरवलेले कपडे घालून आपल्या भाषेत तेच करू पाहतो आणि त्यातून नवीच नाट्यजात जन्माला येते. पुढे कांतारांमध्ये, म्हणजे तियात्रातल्या गाण्यांमध्ये, पाश्चात्त्य नाचगाण्यांच्या चालींवर कोकणी शब्द बसवण्याची रीत पडली. मराठी नाटकवाले आणि तियात्रवाले एकमेकांच्या प्रयोगांना फारसे जात नसत. उसनवारीच्या बाबतीत मात्र दोघे सख्खे भाऊ.

गोव्याने नुसतं घेतलं असं नाही. गोव्याकडूनही घेतलं गेलं, आणि इथे हिशेब जरा कडू होतो.

'हांव सायबा पलतडी वतां' हे देखणी या गोव्याच्या नाचगाण्याच्या प्रकारातलं गाणं कार्लुश एव्जेनियु फेर्रैर (१८६०–१९३२) यांचं. दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण नदीपार नेण्यासाठी तारव्याची मनधरणी करते, अंगावरचे दागिने देऊ करते आणि तारवी नाही म्हणतो, असा त्याचा प्रसंग. १९२६ मध्ये ते बस्तोड्याच्या तिपोग्राफिया रांजेलमधून छापून निघालं. १९७३ साली राज कपूरच्या 'बॉबी'त ती चाल आणि तो 'घे घे घे रे सायबा'चा पुकारा सगळ्या देशाने ऐकला. तेव्हापासून गोव्याबाहेर ते 'बॉबीतलं गाणं' झालं ते झालंच. परगावच्या लग्नात बँडवाला ते वाजवतो तेव्हा फेर्रैर हे नाव मांडवातल्या एकाच्याही कानावरून गेलेलं नसतं. 'चाल : हांव सायबा' असं कुणी कुठे लिहिलंच नाही. तबकडीवर आणि पडद्यावर पदाच्या डोक्यावरच्या त्या बारीक ओळीला जागा नव्हती.

'बॉबी'चे संगीतकार लक्ष्मीकांत–प्यारेलाल. त्यांतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो ते याच गुरूचं. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याचे वादक आणि अरेंजर किती होते हे आता बरंच लिहिलं गेलंय. हळदोण्याचे चिक चॉकलेट, सेबास्टियन डिसोझा, किती नावं घ्यावीत. पाश्चात्त्य सुरावटी हिंदी गाण्यांत मुरवण्याचं काम या मंडळींच्या हातून झालं आणि श्रेय बहुधा दुसऱ्याच्या नावावर पडलं. त्या मानाने गोन्साल्विसांना निदान गाणं तरी मिळालं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि उसनवारीचा बाजार झाला. लोकप्रिय गाणी दुसऱ्या गळ्यातून गाऊन घेऊन निम्म्या किमतीत विकणं हा देशभरचा धंदा बनला. टी-सिरीजचा पाया त्यावरच भरला गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तशी पळवाट होती. मूळ गाणं निघून दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून नवी आवृत्ती काढता येत असे.

त्याच सुमाराला हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावर वेगळंच काही चाललं होतं. परदेशी डीजे स्वतःजवळच्या रेकॉर्डी कॅसेटवर उतरवून आणत, कारण इथल्या उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नसत. गाण्यातले शब्द नाचणाऱ्यांना नकोसे. म्हणून ते फितीवरून गायनाचा भाग गाळत, वाद्यांचे तुकडे लांबवत आणि एकाला एक जोडत. मूळ बँडला याचा पत्ताही नसायचा. गोवा गिल हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. ते २०२३ मध्ये वारले. या कापाकापीतून नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' नावाचा संगीतप्रकार जगभर गेला. किनाऱ्यालगतच्या गावांना रात्रभर फक्त त्याचा धमधमाट ऐकू यायचा, आणि त्याबद्दलच्या तक्रारी अजून संपलेल्या नाहीत.

आता कायद्याकडे. १९६१ पर्यंत भारतीय कॉपीराइट कायदा गोव्याला लागू नव्हताच. नंतरही जत्रेच्या पटांगणात त्याचं नाव क्वचितच निघालं असेल. गंमत अशी की कायद्यालाच ही जत्रा ठाऊक होती. कलम ५२ मध्ये एक उपकलम आहे: हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नाटक-संगीताचा प्रयोग केला तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. उलट जवळपास प्रत्येक मराठी नाटकाच्या पुस्तकात आतल्या पानावर 'प्रयोगासाठी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक' अशी चौकट असते. गावातली समंजस मंडळं लेखकाला पत्र लिहितात आणि मानधन पाठवतात. मला ती रीत आवडते. कायदा सूट देतो म्हणून नाटककाराला विसरावं असं थोडंच आहे?

नकलेची हद्द कुठे संपते यावर न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलंय. आर. जी. आनंद यांनी आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' चित्रपट उचलल्याचा दावा लावला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते, आणि दोन्ही पाहिलेल्या माणसाला दुसरी कृती पहिलीची नक्कल वाटते का हे बघायचं. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या नाटकाला अभय दिलं, कारण मूळ नाटकातला मजकूर त्यात टीकेसाठी आला होता. दुसऱ्या टोकाला राम गोपाल वर्मांची 'आग'. 'शोले'शी केलेल्या त्या खेळापायी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली १० लाख रुपयांची भरपाई लावली. मालेगावच्या 'शोले'च्या वाट्याला हे आलं नाही. धाकल्याला सोडून थोरल्याला पकडणं ही मूळ मालकांचीही रीत दिसते. अमेरिकेत 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या फिल्मकडे स्टुडिओ वर्षानुवर्षं काणाडोळा करत आला, पण 'अ‍ॅक्सनार' या अशाच एका फिल्मसाठी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमल्यावर २०१५ च्या डिसेंबरात त्याने दावा ठोकला. पुढच्या वर्षी चाहत्यांसाठी नियमावली आली: एक गोष्ट पंधरा मिनिटांत संपवा.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॅसेटवाल्यांची जुनी पळवाट बंद केली. आता दुसऱ्याचं गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करायचं तर पाच वर्षं थांबावं लागतं आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. शब्द किंवा सुरावट संमतीशिवाय बदलता येत नाही. म्हणजे सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाचे शब्द बसवून गाणं विकायला काढायचं झालं, तर बुवाच्या वहीतली निम्मी पानं अडचणीत येतील.

लग्नाच्या मांडवात गाणी वाजवण्यावरून गोव्यात नुकताच वाद झाला. लग्नसमारंभातल्या संगीतासाठी रॉयल्टी मागू नये, असं परिपत्रक राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलं. ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी 'फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड' न्यायालयात गेली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने परिपत्रक रद्द केलं. लग्नकार्याला कायद्यात जी सूट आहे तिची व्याप्ती सरकारला परिपत्रकाने वाढवता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. हॉटेलवाले नाराज झाले, पण निकाल मला बरोबर वाटतो. पंचतारांकित लग्नात फुलवाल्याला पैसे मिळतात, मग गाणाऱ्याला का नाही?

चापोरा किल्ल्याच्या तटावर तिघांनी बसून 'दिल चाहता है'ची पोज घेणं, हीसुद्धा नक्कलच. २००१ पासून ते चालू आहे आणि आता त्याचे रील होतात. त्याबद्दल कुणी कुणावर दावा लावणार नाही. अडचण येते ती गावच्या नाटकाची. पदाचा भाग मोबाइलवर टिपून यूट्यूबवर टाकला की 'कंटेंट आयडी'ची यंत्रणा सूर ताडून पाहते. २००७ पासून ती काम करते आहे, पण नाटककार वारून साठ वर्षं झाली की नाही, म्हणजे त्याचा हक्क संपला की नाही, हे तिला समजत नाही. देवल वारले १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. या तिघांची पदं आता कुणाच्याही मालकीची नाहीत. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'चं तसं नाही. चाली मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींच्या, आणि ते गेले १९९८ मध्ये. त्या चालींवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत चालेल, नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या शब्दांवरचा आणखी एक वर्ष. हौशी मंडळाला जत्रेत त्या गायला मोकळीक आहे, पण ती सूट प्रयोगापुरतीच. तोच प्रयोग इंटरनेटवर चढवायचा असेल तर आधी हक्कदारांना विचारावं लागतं.