बिश्केकची ती रात्र आणि तिच्यामागची चौतीस वर्षं

१७ मे २०२४ च्या रात्री किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक इथे जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला. चार दिवसांपूर्वी स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली होती. तिचा व्हिडिओ पसरला आणि तेवढं निमित्त पुरलं. त्या वेळी त्या देशात सुमारे साडेचौदा हजार भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक एमबीबीएससाठी गेलेले. त्यात महाराष्ट्रातली मुलंही बरीच होती. भारतीय दूतावासाने त्यांना बाहेर पडू नका असं कळवलं. मुलांच्या आणि इकडे त्यांच्या आईवडिलांच्या मनात प्रश्न एकच होता: पोलीस कुठे आहेत?

किर्गिझस्तानातल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. त्या देशाच्या स्वातंत्र्याची कहाणीच तिथून सुरू होते.

४ जून १९९०. सोव्हिएत संघ अजून मोडला नव्हता. दक्षिणेकडच्या ओश शहराजवळ लेनिनच्या नावाचं एक सामूहिक शेत होतं आणि ते कसणारे बहुतेक उझ्बेक होते. गावांतून कामासाठी शहरात आलेल्या किर्गिझ तरुणांना राहायला घर नव्हतं. घरांसाठी या शेताची जमीन द्या, अशी त्यांची मागणी होती आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी ती मान्य केली. उझ्बेकांना वाटलं, आपल्या पायाखालची जमीन चालली. दोन्ही जमाव त्या शेतावर समोरासमोर आले. दंगल उझगेनपर्यंत पसरली, सरकारी हिशेबानेच तीनशेच्या आसपास माणसं गेली आणि शेवटी सोव्हिएत लष्कर उतरवावं लागलं.

ओश ज्यात येतं त्या फरगाना खोऱ्यात शेती आणि बाजार पिढ्यानपिढ्या उझ्बेकांकडे होता. किर्गिझ मुळात डोंगरातले पशुपालक. त्यांना सोव्हिएत काळात सक्तीने स्थायिक केलं गेलं. प्रजासत्ताकाचं नाव त्यांचं, पण शहरातलं घर आणि दुकान दुसऱ्याचं, अशी ती खदखद होती. १९८९ च्या जनगणनेत किर्गिझ जेमतेम ५२ टक्के होते, रशियन २१ टक्क्यांहून अधिक, उझ्बेक सुमारे १३ टक्के. शिवाय मध्ये उंच पर्वतरांगा. बिश्केक उत्तरेला, ओश दक्षिणेला, आणि दोघांना जोडणारा घाटरस्ता सहाशे किलोमीटरहून लांब. उत्तरेचा माणूस सत्तेवर आला की दक्षिण रुसते आणि दक्षिणेचा आला की उत्तर.

ओशच्या दंगलीने कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख अबसमत मसालियेव यांची पकड सुटली. ऑक्टोबर १९९० मध्ये सर्वोच्च सोव्हिएतने, म्हणजे तेव्हाच्या संसदेने, अध्यक्ष म्हणून निवडलं ते विज्ञान अकादमीचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ अस्कर अकायेव यांना. शेजारच्या कझाकस्तानात, उझ्बेकिस्तानात पक्षाचे जुने पुढारीच राष्ट्राध्यक्ष झाले, इथे एक प्राध्यापक आला. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत बंड झालं तेव्हा अकायेव यांनी त्याला उघड विरोध केला आणि केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर खात्याच्या स्थानिक प्रमुखाला हटवलं. ३१ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. मे १९९३ मध्ये सोम हे स्वतःचं चलन आलं. १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळाला, आणि तो माजी सोव्हिएत देशांत सर्वांत आधी. पाश्चात्त्य देश त्याला ‘लोकशाहीचं बेट’ म्हणू लागले.

या कौतुकात एक गोष्ट झाकली गेली. वृत्तपत्रं मोकळी झाली, जमिनी खासगी झाल्या, पण पोलीस, सरकारी वकील आणि गुप्तहेर खातं जुन्याच साच्यात राहिलं. मॉस्कोहून येणारा पैसा थांबला होता. तुटपुंज्या पगारावरचा पोलीस रस्त्यावर चिरीमिरी घेऊन घर चालवू लागला आणि वरच्या हुकुमाकडे बघू लागला. माझ्या मते पुढच्या सगळ्या उलथापालथींचं मूळ या न झालेल्या सुधारणेत आहे, घटनेतल्या कलमांत नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात उझ्बेकिस्तानच्या इस्लामी बंडखोरांनी बातकेनच्या डोंगरात घुसून जपानी भूगर्भशास्त्रज्ञांना ओलीस धरलं, तेव्हा सैन्य किती दुबळं आहे ते उघडं पडलं. मार्च २००२ मध्ये दक्षिणेतल्या आक्सी जिल्ह्यात याच्या उलट घडलं. चीनला सीमेवरची जमीन देण्याच्या कराराला विरोध करणारे खासदार अझिमबेक बेकनझारोव्ह यांच्या अटकेविरुद्ध लोक निघाले होते. त्या निःशस्त्र गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच-सहा माणसं गेली. पंतप्रधान कुरमानबेक बाकियेव यांना पायउतार व्हावं लागलं, पण गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या बड्यांपर्यंत शिक्षा पोचली नाही. दक्षिणेने हे विसरायला नकार दिला.

२००५ च्या संसदीय निवडणुकीत अकायेव यांचा मुलगा आणि मुलगी दोघंही उभी राहिली. निकालांवर लोक संतापले. दक्षिणेत सरकारी कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या आणि २४ मार्चला बिश्केकमधल्या ‘व्हाइट हाऊस’ या सरकारी इमारतीत जमाव घुसला. अकायेव यांनी बंदुका चालवल्या नाहीत, ते देश सोडून गेले. त्यांच्या कारकिर्दीवर कितीही टीका केली तरी हे त्यांच्या नावावर जमा धरावंच लागेल.

त्यांच्या जागी आलेले बाकियेव दक्षिणेचे. त्यांचा भाऊ राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाचा प्रमुख झाला आणि मुलाच्या हाती विकास व गुंतवणुकीची संस्था आली. २०१० च्या सुरुवातीला, ऐन थंडीत, वीज आणि हीटिंगचे दर वाढले. ७ एप्रिलला त्याच इमारतीपुढे जमाव आला आणि या वेळी गोळ्या चालल्या. ऐंशीहून अधिक लोक मेले. बाकियेव आधी दक्षिणेत आणि मग बेलारूसला पळाले.

रोझा ओतुनबायेवा यांचं हंगामी सरकार आलं, पण दक्षिणेतले पोलीस त्यांचं ऐकत नव्हते. १० जूनच्या रात्री ओश पुन्हा पेटलं. उझ्बेक मोहल्ले जाळले गेले. आंतरराष्ट्रीय चौकशी आयोगाच्या हिशेबाने सुमारे ४७० बळी गेले, त्यातले पाऊणएक उझ्बेक. हल्लेखोरांच्या हाती सरकारी शस्त्रं होती, लष्कराची चिलखती वाहनंही वापरली गेली. लोकांनी रस्त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘एसओएस’ लिहिलं, उपग्रहातून दिसेल इतकं मोठं. सरकारने रशियाकडे सैन्य मागितलं, पण मॉस्कोने हा अंतर्गत मामला म्हणून नकार दिला. लाखभर लोक सीमा ओलांडून उझ्बेकिस्तानात गेले.

आणि मग खटले कुणावर चालले? मेले जास्त उझ्बेक आणि आरोपीही जास्त उझ्बेकच. अझिमझान अस्कारोव्ह हे पोलीस कोठडीतल्या छळाच्या नोंदी ठेवणारे उझ्बेक कार्यकर्ते. एका पोलिसाच्या हत्येत सहभागाचा ठपका ठेवून त्यांना जन्मठेप दिली गेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांना सोडायला सांगितलं, तरी त्यांना सोडलं नाही. जुलै २०२० मध्ये ते तुरुंगातच वारले. या देशाबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ही हकीकत. दंगलीच्या आंतरराष्ट्रीय चौकशी आयोगाचे अध्यक्ष, फिनलंडचे किम्मो किल्युनेन यांना तर किर्गिझ संसदेने देशात यायलाच बंदी केली.

त्याच जूनच्या अखेरीस सार्वमताने संसदीय पद्धतीची घटना आली. १२० पैकी ६५ हून अधिक जागा एकाच पक्षाला मिळू नयेत, राष्ट्राध्यक्षाला एकच कार्यकाळ, अशी काळजीपूर्वक घातलेली बंधनं तिच्यात होती. २०११ आणि २०१७ मध्ये सत्ता मतपेटीतून बदलली. मध्य आशियात हे फार मोठं होतं. पण ऑक्टोबर २०२० च्या निवडणुकीत मतं विकत घेतल्याच्या तक्रारींवरून पुन्हा तीच इमारत, पुन्हा तोच जमाव. माजी खासदार सादिर जापारोव्ह यांना समर्थकांनी तुरुंगातून बाहेर काढलं. काही दिवसांत ते पंतप्रधान आणि जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. नव्या घटनेने सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे परत आले. त्यांचे जवळचे सहकारी कामचिबेक ताशियेव गुप्तहेर खात्याचे प्रमुख झाले आणि ते खातं देशातलं सर्वांत बलाढ्य कार्यालय बनलं.

या सरकारने काही कठीण प्रश्न सोडवलेही. ताजिकिस्तानशी २०२१ आणि २०२२ मध्ये सीमेवर रक्तपात झाला होता, त्या सीमेचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. उझ्बेकिस्तानशीही सीमा ठरली, मात्र त्यात केंपीर-अबाद जलाशय उझ्बेकिस्तानकडे जातो म्हणून आवाज उठवणाऱ्या वीसहून अधिक लोकांना २०२२ मध्ये आधी तुरुंग दाखवला गेला. २०२४ मध्ये ते निर्दोष सुटले.

मे २०२४ ची ती रात्र या सगळ्यानंतरची. टीकाकार शोधून काढण्यात तरबेज असलेली यंत्रणा वसतिगृहाच्या दारातला जमाव वेळेत थोपवू शकली नाही. नंतर ताशियेव बोलले ते बेकायदा आलेल्या परदेशी कामगारांबद्दल, आणि त्यांच्याविरुद्धची जमावाची मागणी काही अंशी योग्यच आहे असं म्हणाले.