होरेबवरून परतलेला एलीया: एका वादाची पार्श्वभूमी

कर्मेल पर्वतावर एलीया या संदेष्ट्याने बाल या दैवताच्या संदेष्ट्यांना कसे हरवले ते सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. हे टिपण त्याच्या लगेच पुढच्या, बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या अध्यायाबद्दल आहे. सेवेत थकलेल्यांसाठी हाच अध्याय हमखास निवडला जातो. ठार मारण्याचा राणी ईजबेलीचा निरोप, बैर-शेबापर्यंतची पळापळ, रतामाचे झुडूप, ‘आता पुरे’ ही विनवणी, मग झोप, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे. देवाने निराश माणसाला आधी झोपू दिले, मग जेवू घातले, हा मुद्दा गेल्या काही दशकांत प्रवचनांतून समुपदेशनाच्या वर्गांपर्यंत पोचला आहे. मुद्दा बरोबर आहे, पण भाकरीवर इतका वेळ जातो की बोलणारा होरेब या देवाच्या डोंगरावरच्या आज्ञेपर्यंत पोचतच नाही. जुना वाद तर त्या आज्ञेचाच आहे: तिने एलीयाला कामावरून काढले की पुन्हा उभे केले?

काळ इस्राएलाचा राजा अहाब याचा, साधारण इ.स.पू. ८७४ ते ८५३. एलीयाच्या निराशेचा विचार करताना हे राज्य किती भक्कम होते ते लक्षात घेतले जात नाही. अहाबाच्या बापाने, अम्रीने, शोमरोन ही नवी राजधानी वसवली होती. सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल सून म्हणून आणल्याने किनाऱ्यावरच्या व्यापारी शहरांशी सोयरीकही जुळली होती. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कार येथे अश्शूरी (असिरियाच्या) सैन्याला अडवणाऱ्या राजांत अहाब होता. अश्शूरी शिलालेख त्याच्या नावावर २,००० रथ आणि १०,००० पायदळ मांडतो. आकडा फुगवलेला असेलही, पण शत्रूने लिहून ठेवण्याइतका हा राजा मोठा होता. अशा दरबाराचे मन एका दिवसात फिरेल अशी एलीयाची अपेक्षा असावी. पाऊस पडला, लोक गुडघ्यांवर आले, आणि संध्याकाळी राणीचा हुकूम जसाच्या तसा राहिला. त्याला खचवले ते जीवाच्या धास्तीपेक्षा या गोष्टीने, असे मला वाटते. जीवच वाचवायचा होता तर राजवाडा असलेल्या इज्रेलपासून दीडशे किलोमीटर दक्षिणेला, बैर-शेबाला, म्हणजे यहूदा या दुसऱ्या राज्याच्या हद्दीत पोचल्यावर तो थांबला असता. तो सोबतच्या गड्याला तिथे ठेवून आणखी एक दिवस रानात चालत गेला.

होरेबवर त्याला एकच प्रश्न दोनदा विचारला जातो: तू इथे काय करतोस? उत्तरही दोन्ही वेळा तेच. मी एकटाच उरलो आहे. मधल्या वारा, भूकंप, अग्नी आणि मंद वाणीने त्याच्या उत्तरातला एक शब्दही बदलत नाही. शिवाय हे उत्तर पूर्ण खरे नव्हते. शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नासच्या दोन टोळ्या करून गुहांत लपवल्याचे अहाबाचा कारभारी ओबद्या याने त्याला नुकतेच सांगितले होते. माहीत असूनही न दिसणे हा निराशेचा अगदी ओळखीचा गुण.

त्यानंतर आज्ञा येते: परत जा. दिमिष्काकडच्या, म्हणजे दमास्कसकडच्या, रानाने जा. हजाएलाला तिथल्या अराम राज्याचा राजा म्हणून अभिषेक कर, येहूला इस्राएलाचा राजा म्हणून, आणि शाफाटाचा मुलगा अलीशा याला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून. बालापुढे न वाकलेल्या ७,००० जणांचा उल्लेख या सगळ्याच्या शेवटी आहे.

गुंता त्या ‘तुझ्या जागी’मध्ये आहे. यहुदी परंपरेतल्या एका जुन्या टीकाग्रंथाने याचा अर्थ बडतर्फी असा लावला. तिथे तीन संदेष्ट्यांची तुलना आहे. यिर्मयाने पित्याचाही मान राखला आणि पुत्राचाही, योनाने पुत्राचाच, एलीयाने पित्याचाच. पिता म्हणजे देव, पुत्र म्हणजे इस्राएल. एलीयाने देवापुढे लोकांची वकिली करायची सोडून फिर्याद केली, म्हणून त्याला निरोप मिळाला. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातही एलीया इस्राएलाविरुद्ध दाद मागतो असेच म्हटले आहे, पण तिथे भर ७,००० वर आहे, शिक्षेचा सूर नाही. पुढच्या ख्रिस्ती वाचनात हा प्रसंग खचलेल्याला पुन्हा उभे करण्याचा ठरला.

बडतर्फीच्या बाजूने मजकुरात आधार आहे, तो नाकारता येत नाही. पुढच्याच अध्यायात अहाबाकडे देवाचा निरोप घेऊन भलताच, निनावी संदेष्टा जातो. पण त्यानंतर नाबोथाला मारवून बळकावलेल्या द्राक्षमळ्यात अहाबाला गाठतो तो एलीयाच. प्राचीन ग्रीक भाषांतरात तर या दोन अध्यायांचा क्रम उलटा आहे. तिथे होरेबवरून उतरलेला एलीया अलीशाला गाठून थेट नाबोथाच्या प्रकरणात उतरतो. त्या क्रमाने वाचणाऱ्याला बडतर्फी सुचणे कठीण. माझा कल या बाजूला आहे.

तरी ‘नवी उमेद, नवे काम’ असे गोड चित्रही टिकत नाही. तीनपैकी एकच काम एलीयाच्या हातून झाले, तेही अभिषेकाने नव्हे. बारा जोड्यांनी नांगरणी चालली होती, तिथे जाऊन त्याने अलीशाच्या अंगावर आपला झगा टाकला. हजाएलाला राजपदाची वर्दी पुढे अलीशाने दिली, आणि देताना तो रडला, कारण हा माणूस इस्राएलाचे काय करणार हे त्याला दिसत होते. येहूला तेल लावले ते अलीशाने पाठवलेल्या एका तरुणाने. येहूने अहाबाचे घराणे कापून काढले. शतकभरानंतर होशेय संदेष्ट्याने त्याच इज्रेलच्या रक्ताचा जाब येहूच्या घराण्याकडे मागितला. होरेबवर मिळालेली दिशा अशी होती. प्रवचनात हा भाग गाळला जातो, यात नवल नाही.

एलीयाचे नाव बायबलबाहेरच्या त्या काळच्या कोणत्याही लेखात नाही. त्याला सांगितलेली दोन राजांची नावे मात्र दगडात सापडतात. इ.स.पू. ८४१ मध्ये खंडणी देणारा येहू एका काळ्या अश्शूरी स्तंभावर कोरलेला आहे, आणि गंमत म्हणजे ज्या अम्रीच्या घराण्याचा त्याने निकाल लावला त्याच अम्रीचा पुत्र म्हणून. १९९३-९४ मध्ये उत्तर इस्राएलमधल्या दान येथे अरामी शिलालेखाचे तुकडे मिळाले. बहुतेक अभ्यासक तो हजाएलाचा मानतात. त्यात तो इस्राएल आणि यहूदा या दोन्ही राज्यांचे राजे आपण मारल्याचे सांगतो. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात ते काम येहूच्या नावावर आहे.

एलीयाची नंतरची कीर्ती मात्र या हिशेबाबाहेर वाढली. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी तो परत येणार असे वचन आहे. लोकांनी करार सोडला, ही होरेबवरची त्याची तक्रार यहुदी परंपरेने त्याच्यावरच उलटवली: करार पाळला जातो की नाही हे त्याने आता त्या कराराची खूण असलेल्या प्रत्येक सुंतेला हजर राहून पाहायचे. म्हणून त्या विधीत त्याची खुर्ची मांडतात. ख्रिस्ती बाजूला कर्मेलवासी संन्याशांच्या संघाने त्याला आपला संस्थापकच ठरवले. हा दावा मानणारे आणि नाकारणारे यांच्यात सतराव्या शतकात इतकी जुंपली की १६९८ मध्ये पोपने दोन्ही पक्षांना गप्प राहायला सांगितले.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाकडे तो ‘एलियाहू हन्नाबी’ झाला. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावरच्या खुणा त्याच्या स्वर्गारोहणाच्या रथाच्या मानतात, आणि यहुदी पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला त्याचा उरूस असतो. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळांचा मलिदा नवस फेडायला, लग्नाआधी किंवा लांबच्या प्रवासाला निघताना करतात. इस्राएलला जाऊन स्थायिक झालेल्या घरांतही मलिदा सुटलेला नाही.