फणसाचा चीक आणि मेंदूतला गुंता

फणस फोडायला बसण्याआधी आमच्या सिंधुदुर्गात हातांना आणि विळीला खोबरेल चोपडतात. नाहीतर चीक असा धरतो की साबणालाही दाद देत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता बुजवणारा डॉक्टरही असंच तेल वापरतो, फक्त त्याचं तेल खसखशीचं.

काहींच्या मेंदूत एखाद्या जागी धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्याच नसतात. धमनीचं जोरकस रक्त थेट शिरेत घुसतं. माडांच्या शिंपण्याच्या पाटात पावसाळी वहाळ सोडल्यासारखं. अशा गुंत्याला एव्हीएम म्हणतात. तो फुटून रक्तस्राव होण्याची शक्यता वर्षाला साधारण २ ते ४ टक्के. मग रुग्णाला घेऊन गोव्यातल्या बांबोळीचं मोठं इस्पितळ नाहीतर कोल्हापूर गाठायचं.

जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुंता आतून बुजवता येतो. १९६० साली लुसेनहॉप आणि स्पेन्स यांनी त्यासाठी प्लॅस्टिकचे गोळे रक्तात सोडले होते. ओढ गुंत्याकडे जास्त, तेव्हा गोळेही तिकडेच जाणार, हा हिशेब.

आज मुख्यतः दोन पदार्थ वापरतात. एन-बीसीए हा सुपरग्लूच्या जातीचा गोंद. रक्तातले क्षार लागले की काही सेकंदांत घट्ट. म्हणून त्यात आयोडीनयुक्त खसखशीचं तेल मिसळतात: तेल जास्त, तर गोठणं उशिरा. शिवाय आयोडीनमुळे तो क्ष-किरणांत दिसतो. नळीही सलाइनने नव्हे, डेक्स्ट्रोजच्या पाण्याने धुवायची, नाहीतर गोंद नळीतच बसायचा. काम होताच नळी झटकन ओढावी लागते. हयगय झाली तर ती आतच चिकटते.

दुसरा ऑनिक्स. आंब्याची साठ घालतो तेव्हा रसावर आधी कातडी धरते, आत रस ओलाच असतो, तसाच हा बाहेरून आत घट्ट होतो. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं हे प्लॅस्टिक. द्रावक रक्तात पसरला की प्लॅस्टिक उरतं. त्यामुळे डॉक्टरला थोडं ढकलायला, थांबायला, पडद्यावर बघायला सवड मिळते. घाई मात्र चालत नाही, कारण डीएमएसओ जोरात सोडला तर वाहिनीची भिंतच भाजून निघते. (आणि रुग्णाच्या श्वासाला एकदोन दिवस लसणीचा वास येतो, हे नातेवाइकांना आधी सांगितलेलं बरं.)

"चांगलं कुठलं?" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. मोठ्या, पसरट गुंत्यात ऑनिक्सची सवड कामी येते. धमनीतून शिरेत एकाच भोकातून रक्त धो धो वाहत असेल तर झटपट गोठणारा गोंदच हवा. दोन्हींत धोका एकच: धमन्या चालू असताना बाहेर नेणारी शीर आधी बुजली तर आतला दाब वाढून गुंता फुटतो. अनेकदा नुसतं बुजवून भागतही नाही. पुढे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात.

ऑनिक्समध्ये टँटलम धातूची भुकटी असते. ती तळाशी बसू नये म्हणून बाटली आधी २० मिनिटं हलवत ठेवतात. तिच्यामुळे गुंता काळा दिसतो आणि सर्जनला कुठे कापायचं ते कळतं. विजेच्या चिमट्याने डागताना मात्र त्याच भुकटीमुळे कधी कधी ठिणगी उडते.